पूजेतली सुरी

आमच्या मंडळाच्या संपादकांचा फोन आला, "काकू, दिवाळी अंक आहे, नोकरीतल्या आठवणी लिहा. वाचून प्रसन्न वाटेल असं काहीतरी." मी त्यांना म्हटलं, अहो, मी तीस वर्षं माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे काप काढत बसले. प्रसन्न हवं असेल तर अनारशांची पाककृती छापा. ते हसले आणि म्हणाले, तुम्हाला हवं तसं लिहा. तेव्हा हे माझ्या मनासारखं लिहिलंय, आणि माझं मन अजून निवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची मिरजेची. लग्न करून चेन्नईला आले, कारण आमचे हे गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. घर वेलचेरीत. हे रोज पहाटे उत्तरेला जायचे आणि मी एका खाजगी लॅबमध्ये. लॅब म्हटलं की लोकांना रक्त आणि लघवीच आठवते. "साखर बघता का तुम्ही?" असं मला आयुष्यभर विचारलं गेलं. नाही हो, मी साखर बघत नव्हते. मी हिस्टोपॅथॉलॉजीत होते. म्हणजे ऑपरेशन करून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो आणि त्यात कॅन्सर आहे का, असला तर कसला, हे सांगायचं.

तुकडा अंगाबाहेर आला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या मिनिटापासून तो नासायला लागतो. ते थांबवायला त्याला फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं. डोळ्यांतून पाणी काढणारं औषध आहे ते, पण तेच मांसाला आहे त्या स्थितीत धरून ठेवतं. मग तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचा. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. एवढं झालं की डॉक्टर सूक्ष्मदर्शकात डोकावतात आणि रिपोर्टवर सही करतात. काप काढणाऱ्या बाईचं नाव त्या रिपोर्टवर कुठे नसतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नाव नसलं की दोषही नसतो, ही सोय मला फार उशिरा कळली.

लोक काय काय घेऊन यायचे ते सांगितलं तर खरं वाटणार नाही. इथे बऱ्याच छोट्या दवाखान्यांत तुकडा नातेवाइकांच्याच हातात देतात आणि म्हणतात, जा, देऊन या. एका गृहस्थाने वडिलांची गाठ जेवणाच्या डब्यात बर्फ घालून आणली. म्हणे, मासा बर्फात टिकतो तर हे का टिकणार नाही? एका बाईंनी मधाच्या बाटलीत आणली. गाठ मऊ होती तेव्हा अरुंद तोंडातून आत गेली, फॉर्मॅलिनने कडक झाल्यावर बाहेर येईना. बाटली फोडावी लागली, आणि काचेचे कण काढता काढता माझी सगळी दुपार गेली. पण हे लोक बिचारे अडाणी नव्हते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्यावर. फॉर्मवर नुसतं 'गाठ' एवढंच लिहून पाठवणारे सर्जन मी पाहिलेत. कुठली गाठ, कधीपासून, किती वाजता काढली, काही नाही. जणू आम्ही पोपटवाले ज्योतिषी आहोत, चिठ्ठी उचलून सांगू. आणि त्याहून वाईट म्हणजे 'साधी चरबीची आहे' म्हणून गाठ कचऱ्यात टाकणारे. वर्षभराने तोच पेशंट तिथेच दुसरी गाठ घेऊन यायचा, आणि आम्ही विचारायचो, पहिलीचा रिपोर्ट? पहिलीला रिपोर्टच नसायचा.

आता थोडं शिकवते, कंटाळू नका. या देशात कॅन्सरबद्दल प्रत्येकाला सगळं माहीत असतं, फक्त पेशी काय करते ते माहीत नसतं. साखर सोडा म्हणजे कॅन्सर उपाशी मरेल, गेल्या जन्मीचं पाप, प्लास्टिकच्या डब्याचं झाकण. फोनवर येणारे ते निरोप वाचून माझं डोकं फिरतं.

आपल्या अंगातली पेशी स्वतःच्या मर्जीने दुभंगत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो की बाई, गरज आहे, एकीच्या दोन हो. तो निरोप घ्यायला पेशीला जणू दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप आला तरी लगेच मोकळीक नाही. आत आधी तपासणी होते, की आपल्यातला वारशाचा मजकूर नीट आहे ना. मग त्या मजकुराची नक्कल होते आणि ती पुन्हा तपासली जाते. मग दोन्ही वाटे दोन्हीकडे सारखे जाताहेत का, हे बघून शेवटची परवानगी. कुठे चूक सापडली तर काम थांबवून दुरुस्ती. दुरुस्त होत नसेल तर ती पेशी स्वतःला संपवते. हो, आपल्या अंगात रोज अशा पेशी मुकाट्याने मरतात, म्हणून आपण जगतो.

आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हे आमच्या खात्यासारखंच झालं की. प्रत्येक टप्प्याला एक माणूस, आणि माल खराब दिसला तर लाइन बंद." अगदी तसंच. आणि कॅन्सर म्हणजे काय, तर हे तपासणारे एकेक करून निकामी होणं. एकाने न बघता पुढे पाठवलं तर दुसरा पकडतो. दुसरा गेला तर तिसरा असतो. वर्षानुवर्षं चुका साठत जातात आणि एक दिवस अशी पेशी तयार होते जिला निरोपाची गरज नाही, थांब म्हटलेलं ऐकू येत नाही आणि मरायचं तर ती विसरूनच गेलेली असते. कॅन्सर बाहेरून येत नाही. तो आपल्याच घरचा असतो. आणि त्याला एक चूक कधीच पुरत नाही, हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा 'वाढ' हा निरोप बाईच्या अंगातल्या हार्मोनकडून येत असतो. तसं असेल तर गाठीच्या पेशींवर त्या हार्मोनची दारं सापडतात. आम्ही कापाला खास रंग देतो, दारं असली की पेशी तपकिरी होतात, नसली तर निळ्या राहतात. तपकिरी आल्या तर रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि ती बातमी चांगली. कारण मग तो निरोपच अडवणारी एक साधी गोळी असते, रोज एक, काही वर्षं. निळ्या राहिल्या तर ती गोळी उपयोगाची नाही, मग जहाल औषधं. एवढा सगळा फरक एका रंगावर.

तो रंग चुकीचा यायला फार काही लागत नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पोचला की दारं नासून जातात. कॅन्सर तसाच दिसतो, पण रंग पकडत नाही.

आता त्या दिवसाचं. आयुधपूजेचा दिवस होता. आपल्याकडची खंडेनवमी तीच इथली आयुधपूजा, पण इथला थाट वेगळा. रिक्षावाल्यापासून सॉफ्टवेअर ऑफिसपर्यंत प्रत्येक जण आपली हत्यारं धुतो, त्यांना चंदन-कुंकू लावतो आणि देवीपुढे मांडतो. दारात पांढरा भोपळा फोडतात, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, वाटतात. पूजेला ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा करूनच उचलायची. तोवर तिला हात लावायचा नाही. आमच्या लॅबमध्ये मायक्रोटोमला झेंडूचा हार असायचा आणि सूक्ष्मदर्शकाला कुंकवाची बोटं. पाटावर मधोमध आमची लांब पात्याची सुरी. दरवर्षी ती घासूनपुसून मीच ठेवायची. मिरजेला माझे वडील विळी-कोयत्याची पूजा करायचे, त्यामुळे मला हे परकं कधी वाटलं नाही. उलट त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यात हौसेने वावरायची.

त्या सुरीचं काम असं, की मोठा तुकडा आला की लगेच तिने त्याच्या पावासारख्या चकत्या पाडायच्या. नाहीतर फॉर्मॅलिन वरवर मुरतं आणि पोटातलं मांस कच्चं राहून नासतं. लॅबचे मालक तेच आमचे डॉक्टर. सगळे त्यांना पेरिय डॉक्टर, म्हणजे मोठे डॉक्टर, म्हणायचे. चकत्या पाडायला त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि ते जागेवर नसले तर मीच पाडायची.

पूजा आटोपली होती. पेरिय डॉक्टरांच्या आई आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, कांजीवरम नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना झोंबू नये म्हणून फॉर्मॅलिनचा कॅनसुद्धा आम्ही मागच्या खोलीत हलवला होता. तेवढ्यात एका नर्सिंग होममधून बरणी आली. आत बाईचा अख्खा स्तन, न कापलेला, जेमतेम बुडेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये. लेबलवर 'पद्मावती' आणि वय. चेन्नईत पद्मावती गल्लोगल्ली आहेत. मी बरणी बघितली आणि सवयीने सुरीकडे वळले. हात पाटापर्यंत गेलासुद्धा.

आजी म्हणाल्या, "इन्नैक्कु वेण्डाम अम्मा." आज नको. तेवढंच, तेही प्रेमाने.

मी पेरिय डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "वसुधाम्मा, फॉर्मॅलिनमध्ये आहे ना? सकाळी पहिलं तेच घेऊ."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी जायचं होतं, सुंडलची पुडी हातात होती, यंत्रं गप्प होती. दुसरी सुरी मागच्या कपाटात पडून होती. ती आठवली नाही असं नाही. आठवली होती. पण तिलाही न्हाऊमाखू घातलं होतं आणि मला पुन्हा सगळं काढायचा कंटाळा आला. मी बरणीचं झाकण घट्ट केलं आणि गेले.

सकाळी पूजा झाली, सुरी उचलली, चकत्या पाडल्या. मधलं मांस जरा मऊ आणि फिकट वाटलं. वाटलं, आणि मी पुढे गेले. काप निघाले, रंगले. पेरिय डॉक्टरांनी रिपोर्ट दिला: कॅन्सर आहे, रिसेप्टर निगेटिव्ह.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर पद्माबाई राहतात. तंजावरच्या मराठी, कित्येक पिढ्या इकडच्याच. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची मराठी अशी की माझ्या मुलीला वाटायचं, जुन्या पोथीतली बाई बोलतेय, आणि त्याच वाक्यात अर्धं तमिळ. 'सगळं' म्हणायचं असलं की त्या 'अस्के' म्हणतात. मला इथे आल्या आल्या डांगराची पचडी, म्हणजे उडदाचं पीठ कालवलेलं दही, पहिल्यांदा त्यांनीच खाऊ घातली. रोज सकाळी त्यांच्या दारात ठिपक्यांची रांगोळी असायची, पट्टी न घेता काढलेली, एकेक रेघ सरळ. मध्ये त्या दोन-अडीच महिने दिसल्या नाहीत. त्यांचा मुलगा रघू शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला, आई मावशीकडे तंजावरला गेलीय. मी विश्वास ठेवला.

एके दिवशी दारातली रांगोळी पुन्हा दिसली, पण वेडीवाकडी. ठिपके एकीकडे, रेघा दुसरीकडे. मला वाटलं, कुणा लहान मुलीने काढली असेल. मी घंटी वाजवली. पद्माबाईंनी दार उघडलं, डोक्याला रुमाल बांधलेला.

"ये ग. आत ये. लपवून काय करू, तुला अस्के कळतंच," त्या म्हणाल्या. बोटांना मुंग्या येतात, त्यांनी सांगितलं, रांगोळीची पूड चिमटीत कळतच नाही. केमोचे दोन डोस झाले होते, अजून बरेच बाकी होते. "माझा गोळीवाला नव्हे म्हणाले. गोळीवाला असता तर सोपं होतं म्हणे."

त्यांनी फाइल पुढे सरकवली. वर आमच्या लॅबचं नाव. खाली तारीख. मी तारीख दोनदा वाचली. आयुधपूजेला आलेली ती बरणी पद्माबाईंची होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन ती काच काढली. मी काही डॉक्टर नाही, पण तीस वर्षं काचा रंगवल्यावर एवढं कळतं. गाठीच्या शेजारी त्याच कापात चांगल्या, निरोगी दुधाच्या नळ्याही येतात. दारं त्यांच्याही पेशींवर असतात. म्हणजे त्यांच्यातल्या काही पेशी तरी तपकिरी व्हायलाच हव्यात. त्या झाल्या तर समजायचं, तपासणी नीट झाली. पद्माबाईंच्या काचेवर गाठ निळी होती आणि त्या निरोगी नळ्याही निळ्याच. याचा अर्थ दारं नाहीत असा नव्हता. याचा अर्थ एवढाच होता की हा काप काहीच सांगू शकत नाही. रंग बरोबर लागतो का ते बघायला आम्ही दुसऱ्या पेशंटची एक काच सोबत रंगवतो. ती छान तपकिरी होती, आणि मी तेवढीच बघून काचा वर पाठवल्या होत्या. पेरिय डॉक्टरांनी त्या नळ्या बघायला हव्या होत्या. त्यांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. काच दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, म्हणजे त्यांना कळलं. मग मान वर न करता म्हणाले, "रिपोर्ट जाऊन किती दिवस झाले. आता बदलला तर नर्सिंग होम काय म्हणेल?"

"सर, पेशंट काय म्हणेल?"

"त्यांनी अख्खा पाठवला, न चिरता. चूक त्यांची."

"आणि आपण तो तसाच ठेवला."

"आयुधपूजा होती, वसुधाम्मा. देवीचं काम होतं."

तेव्हा माझा तोल गेला. "सुरी उचलू नको असं देवीने नव्हतं सांगितलं सर. तुम्ही सांगितलंत. आणि मी ऐकलं." एवढ्या वर्षांत मी त्या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. बाहेरच्या मुली टायपिंग थांबवून बघत होत्या.

ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेला पद्माबाईंचा बारीक तुकडा आमच्याकडेच आला होता. तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडलेला, बारीक असल्याने आतपर्यंत मुरलेला. त्यावर तेव्हाच रिसेप्टर बघा म्हणून मी सुचवलं होतं, तर नर्सिंग होमने कळवलं, मोठा तुकडा आला की त्यावर बघू. त्याची मेणाची वडी कपाटात होती. कुणाची परवानगी न विचारता मी ती काढली, काप काढला आणि रंगवला. ते दोन-तीन तास मी खुर्चीवरून उठले नाही. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तपकिरी. भाजलेल्या कॉफीसारख्या गडद, जवळजवळ सगळ्या पेशी. आणि दुभंगण्याच्या बेतात असलेल्या पेशी शोधून शोधून दोन-चार सापडल्या. म्हणजे हळू वाढणारा, निरोपावर चालणारा, गोळीने आवरणारा कॅन्सर. मला आनंद व्हायला हवा होता. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि ते रडणं दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं.

काच समोर ठेवल्यावर पेरिय डॉक्टरांना दुसरा रिपोर्ट द्यावाच लागला. वरातीमागून घोडं, पण निघालं. दोनच ओळी: 'आधीच्या नमुन्यावर पुन्हा तपासणी केली असता रिसेप्टर पॉझिटिव्ह आढळले.' कॅन्सरच्या डॉक्टरांनी केमो थांबवली, गोळी सुरू केली. ते पद्माबाईंना म्हणाले, आधी कळलं असतं तर बहुधा केमो लागलीच नसती. हे वाक्य त्यांनी कसं उच्चारलं असेल, याचा मी अजून विचार करते.

पद्माबाईंनी तो दोन ओळींचा रिपोर्ट वाचला आणि लाल पेन मागवलं. खाली लिहिलं: 'उत्तर बरोबर. पायऱ्या कुठे आहेत?' आणि रघूला सांगितलं, जा, लॅबमध्ये देऊन ये. पेरिय डॉक्टरांनी तो कागद वाचून खाली ठेवला. म्हणाले, वय झालंय बाईंचं.

वय झालंय! वर्गात उत्तर खोडून पुन्हा लिहिलं तर गणिताची बाई विचारणारच, आधीचं का चुकलं. यात वयाचा काय संबंध?

मग पायऱ्या मी लिहिल्या. लॅबच्याच कागदावर, हाताने. ऑपरेशन झाल्यावर नर्सिंग होममध्ये तो तुकडा ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवला गेला. तशी इथे पद्धतच आहे, डॉक्टरांनी खरंच काहीतरी काढलं हे दिसावं म्हणून. रघूने त्याचा फोटो काढून परदेशातल्या बहिणीला पाठवला आणि तिचं उत्तर येईपर्यंत ट्रे तसाच होता. हे त्याने मला रडत सांगितलं. मग तुकडा न चिरता अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये घातला गेला. फॉर्मवर काढल्याची वेळ नव्हती आणि आमच्या काउंटरवर ती कुणी विचारली नाही. मी सुरी उचलली नाही. मांस मऊ लागलं तरी मी बोलले नाही. डॉक्टरांनी नळ्या बघितल्या नाहीत. एवढ्या जणांपैकी एकाने, फक्त एकाने आपलं काम केलं असतं तरी लाइन बंद पडली असती आणि चूक पुढे गेली नसती. खाली मी पूर्ण नाव लिहून सही केली आणि तो कागद पद्माबाईंना नेऊन दिला. कुठल्याही पेशंटच्या कागदावर माझं नाव जाण्याची ती पहिली वेळ.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आमच्याकडेही आयुधपूजेला लेथ बंद असतो. पण लेथ एक दिवस थांबला म्हणून लोखंड सडत नाही ग." त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती. पेरिय डॉक्टरांनी मला काचांवरून काढून काउंटरवर बसवलं. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. निरोप समारंभ वगैरे झाला नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथल्या मुली अजून भेटतात. त्या सांगतात, पुढच्या आयुधपूजेलाही सुरी पाटावर मधोमध होती. फॉर्मवर वेळ लिहायचा रकाना आला आहे, तो रिकामा येतो, आणि रिकामा आला तरी घेतात. मी देव मानते. घरी खंडेनवमीला आजही विळीला हळदकुंकू वाहते. पण ज्या हत्याराची वाट कुणाचं तरी मांस बघत असतं, ते हत्यार देवीपुढे ठेवून आपण घरी सुंडल खात बसलो, तर ती पूजा कसली? तुमच्यापैकी कुणाच्या घरी कधी ऑपरेशन झालं तर चार गोष्टी विचारा. तुकडा किती वाजता काढला, कशात ठेवला, लॅबमध्ये कधी पोचला, कधी चिरला. डॉक्टर चिडतील. चिडू देत.

हे सगळं लिहायला मला पद्माबाईंनीच सांगितलं. "लिही. अस्के लिही, पायऱ्यांसकट. माझं नावही घाल," म्हणाल्या. लिहून झाल्यावर पहिलं त्यांनाच वाचायला दिलं. त्या चष्मा लावून, लाल पेन घेऊन बसल्या. मी समोर बसले, पेपर तपासायला दिलेल्या पोरीसारखी. दोन ठिकाणी त्यांनी माझं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. रघूच्या फोटोपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "असू दे. खरं आहे ते."

शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं: 'पद्माबाईंनी मला मोठ्या मनाने माफ केलं.' त्यावर त्यांनी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हे मी कधी म्हटलं?'

मग त्यांनी कागद माझ्या हातात दिले, सकाळची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि विचारलं, पचडी केलीय, जेवून जातेस ना? मी जेवले. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. पण ती रेघ अजून डोळ्यांपुढे येते. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणाऱ्या बाई होत्या त्या, आणि ती रेघ थरथरत, वर-खाली होत, शेवटच्या शब्दापर्यंत गेली होती.